बीज आणि कलम

घोलवडचे चिकू घरीं आले, म्हणजे फळें संपल्यावर ताटलींत काय उरतें? पातळशी साल, आणि काळ्याभोर, चकचकीत, एका टोंकाशीं बारीक आंकडा असलेल्या तीन-चार बिया. मुलें त्या खेळावयास घेतात आणि दुसऱ्या दिवशीं केराबरोबर त्या बाहेर जातात. ही बी अंगणांत पुरली तर तिचें झाड होईल काय? होईल. त्याला फळें येतील काय? सात-आठ वर्षें किंवा त्याहूनहि अधिक धीर धरल्यास येतील. पण तीं फळें आपण खाल्लेल्या फळासारखींच गोड निघतील काय? या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘सांगतां येत नाहीं’ असें आहे. तें प्रत्येक बागायतदारास पक्कें ठाऊक असल्यामुळें चिकूची वाडी करणारा मनुष्य चिकूची बी पेरीत नाहीं. तो कलम आणतो. फळाच्या पोटांत बी असावी, आणि फळ पिकविणाऱ्यानेंच ती टाकून द्यावी, हा विरोध कां? बीज धरणाऱ्या वनस्पति आपली संतति कशी निर्माण करतात, हा आजच्या लेखाचा विषय आहे. आणि त्याचें मर्म या एका प्रश्नांत सांठविलेलें आहे.

विषय केवळ पुस्तकी होऊं नये म्हणून आपण एकच टापू डोळ्यांपुढें ठेवूं. पालघर जिल्ह्यांतील डहाणू तालुक्याच्या उत्तर भागांत घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या आहेत. डहाणू गांवाच्या दक्षिणेस, वाणगांव स्थानकावर उतरून पश्चिमेकडे समुद्रापर्यंत गेलें म्हणजे वाढवण हें गांव लागतें. या दोहोंच्या दरम्यान माळावर ताड व शिंदी, वाळूवर सुरूचीं बनें, गांवांगांवांतून उंबर, आणि खाडीच्या चिखलांत तिवरें आढळतात. एवढ्या थोड्या भूमींत बीजाचे जितके प्रकार पहावयास सांपडतात, तितके मोठ्या शहरांतील उपवनांतहि सांपडत नाहींत.

आपल्या पूर्वजांनीं सजीव सृष्टीचे जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार वर्ग केले होते. जमीन भेदून वर येतात तीं उद्भिज्जें. मनुस्मृतींत त्यांचेहि दोन भेद मानलेले आहेत : कांहीं बीजापासून वाढणारीं, कांहीं कांडापासून वाढणारीं. भात बीजापासून होतो, ऊंस कांड्यापासून होतो. केळ मुनव्यापासून, बटाटा डोळ्यापासून. चिकूचें कलम या दुसऱ्या वर्गांत मोडतें. हा भेद दिसावयास साधा आहे. पण त्याचा अर्थ किती खोल आहे, हें पुढें दिसून येईल.

वनस्पतींत स्त्री-पुरुष असा भेद असावा, ही कल्पनाहि प्राचीनांस सुचलेली होती. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत कुड्याचे पुरुष व स्त्री असे दोन प्रकार वर्णिले आहेत. परंतु तेथें हा भेद फुलांच्या रंगावरून व फळांच्या आकारावरून केलेला आहे. आजचे अभ्यासक या दोहोंस पांढरा कुडा व काळा कुडा अशा दोन निरनिराळ्या जाति समजतात. आणि दोहोंच्याहि प्रत्येक फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. प्राचीनांची कल्पना योग्य दिशेची होती, पण पराग आणि बीज यांचा कार्यकारणसंबंध प्रयोगानें सिद्ध होण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

तो प्रयोग ज्या झाडांवर झाला त्यांतील एक झाड आपल्या परसांतलेंच आहे. जर्मनींतील ट्यूबिंगेन येथील कॅमेरेरियस नांवाच्या वैद्यानें १६९४ सालीं एका पत्ररूप निबंधांत आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एरंडाच्या तुऱ्यांत नरफुलें व मादीफुलें वेगवेगळीं असतात. नरफुलें उमलण्यापूर्वींच त्यानें तीं खुडून टाकिलीं, तेव्हां मादीफुलांत चांगलें बीज धरलेंच नाहीं. परागावांचून बीज नाहीं, ही गोष्ट अशा रीतीनें प्रत्यक्ष दाखविली गेली. ज्यांच्या परसांत एरंड असेल त्यांनीं तुरा लक्षपूर्वक पहावा. वरच्या अंगाला लाल टोंकांचीं मादीफुलें आणि खालीं पिवळट परागांचे झुबके, असा दोहोंचा संसार एकाच दांड्यावर मांडलेला दिसेल.

आतां चिकूचें फूल घेऊं. तें लहान, पांढुरकें आणि नजरेंत न भरणारें असतें. मध्यभागीं स्त्रीकेसर, त्याच्या टोंकाला पराग धरून ठेवणारा ओलसर भाग असतो, त्यास किंजल्क म्हणतात, तळाशीं अंडाशय, व अंडाशयांत बारीक बीजांडें. सभोंवार पुंकेसर, आणि त्यांच्या टोंकांवर परागाच्या पिशव्या. चिकूच्या फुलांत एक मौज अशी, कीं कळी पुरतेपणीं उमलण्यापूर्वींच किंजल्काचें टोंक बाहेर डोकावूं लागतें. आपल्याच फुलाचे पराग मोकळे होण्याची वाट न पाहतां, दुसरीकडून येणाऱ्या परागांस त्यानें जणूं दार उघडून ठेविलेलें असतें. झाडांना चालतां येत नाहीं. परंतु शक्य तों परक्या कुळाशीं संबंध जुळावा, अशी योजना पुष्कळ फुलांच्या रचनेंतच दिसते. सगोत्र विवाह टाळण्याची ही त्यांची रीत म्हटली तरी चालेल.

पराग किंजल्कावर पडल्यानंतर काय होतें? फुलांत वरून पडलेला कण खालीं अंडाशयापर्यंत पोंचतो कसा? याचें उत्तर प्रथम दिसलें तें एका पालेभाजीच्या फुलांत. इटलींतील मोडेना येथील अमिची हा सूक्ष्मदर्शक यंत्रें करणारा विद्वान. सुमारें १८२४ सालीं तो घोळीच्या भाजीचें फूल यंत्राखालीं पहात असतां, परागकणांतून एक बारीक नळी फुटून किंजल्कांत शिरतांना त्याच्या दृष्टीस पडली. हीच परागनलिका. पुढें ती बीजांडापर्यंत जाते, हेंहि त्यानें दाखविलें. म्हणजे परागकण हा नुसता भुकटीचा कण नव्हे; तोहि एक प्रकारें रुजतो, आणि त्याचें मूळ स्त्रीकेसरांत उतरतें.

या नळींतून दोन पुंबीजें आंत जातात. दोन कशाला? बीजांडांत अंडपेशी तर एकच असते. हें कोडें १८९८ सालीं सुटलें. कीव्ह येथील सर्गेई नवाशिन यांनीं लिलीच्या कुळांतील फुलें तपासून असें दाखविलें, कीं एक पुंबीज अंडपेशीशीं मिळतें व त्यापासून गर्भ होतो. आणि दुसरें पुंबीज बीजांडांतील मधल्या केंद्रकांशीं मिळून त्यापासून गर्भाचें अन्न तयार होतें. एकाच बीजांत दोन मीलनें होतात : एक अपत्यासाठीं, दुसरें त्याच्या शिदोरीसाठीं. फुलें येणाऱ्या बहुतेक सर्व वनस्पतींत हाच क्रम आहे. योगायोग असा, कीं महाराष्ट्रांत चिकूची पहिली लागवड घोलवड येथें झाली तीहि १८९८ सालींच, असें बागायतीच्या ग्रंथांतून नमूद आहे.

हें दुसरें मीलन फार दूरची गोष्ट आहे असें गृहिणींनीं समजूं नये; रोजचा स्वयंपाक बहुतांशीं त्यावरच चालतो. तांदुळाचा पांढरा दाणा म्हणजे तीच शिदोरी. गर्भ तर कांडतांना निघून जातो. गव्हाचें पीठहि मुख्यत्वें तीच. नारळाचें पाणी व खोबरें हीं दोन्ही त्या शिदोरीचीं रूपें आहेत, आणि गर्भ तीन डोळ्यांपैकीं एका मऊ डोळ्याखालीं अगदीं लहानसा दडलेला असतो. डाळींची गोष्ट निराळी. तूर, हरभरा, मूग यांच्या कोंवळ्या गर्भानें आपली शिदोरी बी पिकण्यापूर्वींच खाऊन दोन दलांत सांठवून ठेविलेली असते. म्हणून तीं द्विदलें, आणि म्हणूनच त्यांची डाळ होते. भात-वरणाच्या ताटांत बीजाचे हे दोन्ही प्रकार शेजारीं शेजारीं वाढलेले असतात.

उन्हाळ्यांत डहाणूकडे रस्तोरस्तीं विकावयास येणारा ताडगोळा हीदेखील अशीच शिदोरी होय. ती घट्ट होण्यापूर्वीं आपण काढून खातों. ताडाच्या एका फळांत बहुधा तीन गोळे असतात, कारण त्याच्या अंडाशयाचे कप्पेहि तीन असतात. परंतु ताडाची खरी विशेषता वेगळीच आहे. चिकूच्या एका फुलांत दोन्ही केसर, एरंडाच्या एका तुऱ्यांत दोन्ही फुलें. पण ताडांत नर एक झाड आणि मादी दुसरें झाड. नराला लांब बोटांसारखे तुरे येतात, मादीला फळांचे घड. फूल येईपर्यंत कोणतें झाड नर व कोणतें मादी हें वरून ओळखतां येत नाहीं, आणि फूल येण्यास दहा-पंधरा वर्षें सहज लागतात. पपईंतहि बहुधा असाच प्रकार असल्यामुळें, आपल्या परसांतील पपई नुसती फुलते, फळत नाहीं, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकूं येते. तें झाड रोगट नसतें. तें नर असतें. त्याला ‘वांझ’ म्हणून तोडून टाकण्यापूर्वीं शेजारच्या अंगणांतील फळणाऱ्या मादीला पराग कोठून मिळतात, याचा विचार करावा.

झाडें जागेवरून हलत नाहींत, तेव्हां पराग नेणारा कोणी तरी दूत पाहिजे. समुद्रकिनाऱ्यावरील सुरूचा दूत वारा आहे. म्हणून त्याच्या फुलांना रंग नाहीं, वास नाहीं, मध नाहीं. वाऱ्याला आमिषाची गरज काय? सुरूविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. त्याचीं सुईसारखीं हिरवीं काडें व लांकडी बोंडें पाहून पुष्कळ लोक त्याला देवदार-चीड यांच्या जातीचा समजतात. तो तसा नव्हे. देवदार व चीड यांच्यांत अंडाशयच नसतो. त्यांचें बीज उघड्या खवल्यावर बसलेलें असतें, म्हणून त्यांना अनावृतबीज म्हणतात. सुरूचें बीज मात्र लहानशा फळांत झांकलेलें असतें व त्याच्या फळाला पंखहि असतो. वरून दिसणाऱ्या साम्यावरून कूळ ठरवूं नये, हा धडा सुरूपासून घेण्यासारखा आहे.

उंबराचा दूत याहून विलक्षण आहे. क्वचित् दर्शन देणाऱ्या माणसास आपण ‘उंबराचें फूल’ म्हणतों. मनुस्मृतीनेंहि फूल न येतां फळणाऱ्या झाडांस ‘वनस्पति’ असें वेगळें नांव दिलें आहे. पण उंबराला फुलें येतात, आणि तीं शेंकड्यांनीं येतात. तीं सर्व आपण ज्याला फळ म्हणतों त्या पोकळ गोळ्याच्या आंत असतात. त्या गोळ्याच्या तोंडाशीं एक बारीकसें छिद्र असतें. त्यांतून एक सूक्ष्म माशी आंत घुसते. घुसतांना बहुधा तिचे पंखहि झडतात. ती आंतील स्त्रीफुलांवर बरोबर आणलेले पराग टाकते, कांहीं फुलांत आपलीं अंडीं घालते, आणि तेथेंच मरते. पुढें तिची संतति आंतच वाढते; नरांना पंख नसतात, ते बाहेर जाण्यास वाट पोखरून देतात आणि तरुण माद्या नव्या परागांचें ओझें घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधांत उडून जातात. उंबर फोडल्यावर किडे दिसतात म्हणून आपण तें टाकून देतों. पण ते किडे नसते तर बीज नसतें. आणि उंबर नसता तर त्या किड्यांना सबंध सृष्टींत दुसरें घर नव्हतें.

आतां वाढवणकडे वळूं. तेथला किनारा खडकाळ असून भरती-ओहोटीच्या दरम्यान काळ्या खडकांचें विस्तीर्ण पठार उघडें पडतें. आणि उत्तरेस डहाणूच्या खाडीच्या चिखलांत तिवराचीं झाडें आहेत. तिवराची अडचण विचार करण्यासारखी आहे. पाणी खारट, जमीन भुसभुशीत, आणि दिवसांतून दोनदां भरती. येथें साधी बी पडली तर रुजण्यापूर्वींच वाहून जाईल, किंवा मिठानें मरून जाईल. तिवराच्या लहान केशरी-पिवळ्या फुलांवर मधमाशा येतात, आणि बीज धरतें. पण इतर झाडांप्रमाणें गर्भ तेथें थांबून निजत नाहीं. फळ झाडावर असतांनाच आंतील गर्भ बीजाचें कवच फोडून वाढूं लागतो. पावसाळ्यांत तें चपटें हिरवट फळ पाण्यांत पडतें, कांहीं वेळ तरंगतें, त्याची पातळ साल सुटते, आणि आंत बी नसून घडी घातलेल्या दोन दलांचें तयार रोप असतें. निवांत चिखल लागतांच तें थोड्याच दिवसांत मूळ धरतें. दक्षिण कोंकणांतील खाड्यांवर कांदळ नांवाचें झाड आहे, त्याचा प्रकार तर आणखी पुढचा. त्याच्या रोपाचा दांडा आईच्या फांदीवरच फळांतून बाहेर येऊन शेवग्याच्या शेंगेसारखा लोंबूं लागतो, आणि पुरता वाढल्यावर खालीं पडतो. उद्भिज्ज असून जरायुजाप्रमाणें पोटांत पोर वाढविणारीं हीं झाडें आहेत. आपल्या प्राचीन चार वर्गांच्या भिंतींत त्यांनीं एक दार पाडलें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. वारा, माशी, मधमाशी, भरतीचें पाणी, एवढा व्याप कशासाठीं? एक फांदी मोडून मातींत लावली कीं काम भागतें, तर झाडानें फुलावें कशाला? याचें उत्तर असें, कीं फांदीपासून झालेलें झाड हें नवें झाड नव्हेच. तें जुन्याच झाडाचा वाढलेला अंश आहे. बीज मात्र निराळें. त्यांत अर्धा वारसा आईचा आणि अर्धा बापाचा. आणि त्या अर्ध्यांतहि कोणते गुण येतील व कोणते मागें राहतील, याची वांटणी प्रत्येक बियेगणिक वेगळी. वाटाण्यावर प्रयोग करून ग्रेगोर मेंडेल यांनीं या वांटणीचे नियम १८६६ सालीं प्रसिद्ध केले. १९०० सालापर्यंत त्यांकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. चिकूची बी पेरली असतां फळ कसें निघेल हें सांगतां येत नाहीं, त्याचें कारण हेंच. एकाच फळांतल्या चार बिया म्हणजे चार सख्खीं भावंडें. एका तोंडवळ्याचीं, पण एकसारखीं नव्हेत. रायवळ आंब्याच्या कोयींची गोष्ट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे.

म्हणून बागायतदार कलमाकडे वळला, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकलें नाहीं. चिकू हें मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिका या भागांतील झाड. पण आपल्याकडे त्याला एक जवळचा सोयरा मिळाला. आपली खिरणी, जिला कोणी रांजण व गुजराथेंत रायण म्हणतात आणि संस्कृतांत क्षीरिणी किंवा राजादन अशीं नांवें आहेत, ती चिकूच्याच गोत्रांतील आहे. खिरणीचें रोप खुंट म्हणून घेऊन, त्याला कालीपत्ती या उत्तम जातीच्या चिकूची फांदी जोडतात. दोहोंच्या सालीखालचा वाढता थर एकजीव झाला, म्हणजे मूळ खिरणीचें व शेंडा चिकूचा असें एक झाड तयार होतें. मुळाचा काटकपणा आणि फळाची गोडी दोन्ही साधतात, आणि फळहि तीन-चार वर्षांत दिसूं लागतें. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यामागें तेथील जमीन व हवा जशी आहे, तशीच कलमानें टिकविलेली ही एकजिनसी गोडीहि आहे.

परंतु या सोयीची एक किंमत आहे, आणि ती ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कालीपत्तीचीं हजारों झाडें वरवर हजारों दिसलीं, तरी वारशाच्या दृष्टीनें तें एकच झाड आहे. एकाला जो रोग पचणार नाहीं, तो कोणालाच पचणार नाहीं. आयर्लंडांत बटाट्याच्या अगदीं मोजक्या जाति डोळ्यांपासून लावीत असत. १८४५ सालीं त्यांवर करपा पडला. पुढल्या चार-पांच वर्षांत दुष्काळानें व सांथीनें सुमारें दहा लाख माणसें मेलीं. त्या अनर्थास राज्यकर्त्यांची निष्ठुरता कारण झालीच, पण शेतांतील एकजातीपणाहि कारण झाला. केळ्याचा इतिहास तसाच. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत पाश्चात्य बाजारांत ग्रो मिशेल जातीचीं केळीं चालत. मुळांतून शिरणाऱ्या पनामा रोगानें ती जात १९६० च्या सुमारास व्यापारांतून नाहींशी झाली व तिच्या जागीं कॅव्हेंडिश जात आली. केळ्याच्या गरांत जे काळे ठिपके दिसतात, ते कधीं न भरलेल्या बियांचे अवशेष होत. जिच्याजवळ बीज नाहीं, त्या जातीला रोगावर नवा उपाय स्वतः शोधून काढतां येत नाहीं.

आणि आणखी एक गोष्ट. प्रत्येक उत्तम कलमाचें पहिलें झाड कोठून आलें? तें बीजापासूनच आलें. हापूस काय किंवा कालीपत्ती काय, केव्हां तरी कोणाच्या तरी भूमींत अनेक बेचव रोपांमध्यें एक गोड रोप निघालें, आणि ज्याच्या तें लक्षांत आलें त्यानें त्याची फांदी जपली. कलम गुण टिकवितें. तें गुण निर्माण करीत नाहीं. निर्माण करण्याचें काम फुलाचें, परागाचें आणि बीजाचें. खुंटाची खिरणीदेखील बीजापासूनच वाढवावी लागते. म्हणजे चिकूच्या वाडीचा पाया शेवटीं कोणत्या तरी खिरणीच्या फुलावर व त्यावर येणाऱ्या कीटकांवर उभा आहे. ही खिरणी फार सावकाश वाढते, तिचें लांकूड कठीण. त्यामुळें जुनें झाड तोडावयास गिऱ्हाईक मिळतें, नवें लावावयास मनुष्य मिळत नाहीं.

हीच दृष्टि वाढवणच्या किनाऱ्यालाहि लावली पाहिजे. केंद्र सरकारनें २० जून १९९१ च्या अधिसूचनेनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला. तालुक्याच्या रक्षणार्थ नेमलेल्या प्राधिकरणानें १९९८ सालीं वाढवण येथील बंदराची योजना अमान्य केली, आणि त्याच प्राधिकरणानें २०२३ सालीं नव्या योजनेस अटींसह संमति दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं बंदराची पायाभरणी झाली. बंदराचा व्यापारी लाभ आणि मच्छीमार-बागायतदारांचा विरोध यांचा निवाडा करणें हा या सदराचा विषय नव्हे. परंतु बीजाच्या अभ्यासकास एवढें सांगण्याचा अधिकार आहे, कीं तिवराचें रोप भरतीच्या पाण्यानें येतें व निवांत चिखलांत रुजतें. पाण्याची वाट फिरली आणि चिखलाची जागा हालली, तर उभीं झाडें कांहीं काळ तशींच हिरवीं दिसतील. मात्र त्यांच्या खालीं नवीं रोपें दिसणार नाहींत. झाडांची गणति करून किनारा सुरक्षित आहे असें म्हणतां येत नाहीं. त्यासाठीं रोपांची गणति केली पाहिजे. ज्या घरांत म्हातारे पुष्कळ आणि पाळणा मात्र हालत नाहीं, त्या घराची भरभराट आहे असें कोणी म्हणत नाहीं.

मग आपण घरोघरच्या वाचकांनीं काय करावें? ज्यांची वाडी आहे त्यांनीं मोहोर व फुलें यांच्या दिवसांत कीटकनाशकाचा फवारा शक्य तितका टाळावा. कारण त्या दिवसांत शत्रूबरोबर दूतहि मरतात. बांधावर खिरणीचें, रायवळ आंब्याचें, उंबराचें एखादें झाड राहूं द्यावें. त्याचें उत्पन्न हिशेबाच्या वहींत दिसत नाहीं म्हणून त्याला आळशी ठरवूं नये. ज्यांचें घर शहरांत असून नुसती गच्ची आहे, त्यांनीं एखाद्या कुंडींत चिकूच्या चार बिया लावून त्यांच्या पानांतील फरक मुलांस पहावयास सांगावें.

मुलांविषयीं लिहिलें, म्हणून शेवटीं एक शब्द. ‘बाळ कोठून येतें?’ हा प्रश्न प्रत्येक घरांत केव्हां तरी विचारला जातो, आणि पुष्कळ सुशिक्षित आईबापहि तो ऐकून विषय बदलतात. त्यांना फुलासारखा दुसरा सोज्ज्वळ शिक्षक मिळणार नाहीं. एरंडाचा तुरा, भोपळ्याच्या वेलावरील नर व मादी फूल, फोडलेला उंबर हीं पुढें ठेवून खरें तें सांगावें. प्रत्येक जीवाला दोन कुळांचा वारसा असतो, प्रत्येक अपत्याबरोबर सृष्टि त्याची शिदोरीहि बांधून देते, आणि कोणतेंहि अपत्य आईची किंवा बापाची हुबेहूब प्रत नसतें, एवढें मुलाच्या मनांत ठसलें तर पुष्कळ झालें. ही शेवटली गोष्ट तर आईबापांनीं स्वतःहि विसरूं नये. आपलीं मुलें कलमें नव्हेत. तीं बीजें आहेत.